मामांच्या पुस्तकातल्या चौकटी

माझ्या मामेबहिणीचा, नंदाताईचा फोन आला तेव्हा मी दौंडच्या बाजारात भाजी घेत होते. "आप्पा गेले," ती म्हणाली. "मी दूध तापवत होते, तेवढ्यात. तू सावकाश ये, आता घाई करून काय उपयोग?" आवाज कोरडा होता. शिरूरला पोचले तर मामांचे जुने विद्यार्थी अंगणात जमले होते. कुणी डोळे पुसत होतं, कुणी म्हणत होतं, असा शिक्षक पुन्हा होणार नाही... आणि त्यांची एकुलती एक मुलगी आत मोरीत त्यांचा फीडिंग कप घासत होती.

शिक्षक म्हणून ते होतेच तसे. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. केडगाव-भांडगावकडची शेतकऱ्यांची पोरं इंग्रजीला घाबरून सायन्स सोडायची, त्याचं त्यांना फार लागायचं. वर्गात गावाकडच्या बोलीत शिकवायचे आणि पोरांना ते कळायचं. त्यांच्यासाठी मराठीत सेंद्रिय रसायनशास्त्राचं मोठं पुस्तक काढायचं हे मामांचं एकच स्वप्न होतं. मामी लवकर गेल्या. घरात राहिली नंदाताई. तिचं बीएस्सी झालं आणि रांजणगावच्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी लागली. मामा म्हणाले, "लोकांच्या बाटल्या धुवायला जाणार? मग माझं पुस्तक कोण करणार?" दुसऱ्या आठवड्यात घरात कॉम्प्युटर आला.

तेव्हा मी सुट्टीला तिथेच होते. मराठी मजकूर उमटत होता, पण बेंझीनचं सहा कोनांचं कडं, रेणूंचे बंध, उलटसुलट जाणारे अर्धे बाण, यातलं काहीच उमटेना. त्यांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसायच्या. मग मामांनी पुण्यातल्या एका मित्राकडून रसायनाच्या चिन्हांचा खास फॉन्ट सीडीवर आणला. ताईनं तो फॉन्टच्या फोल्डरमध्ये टाकला, पुस्तकाची पानं जुळवायचा पेजमेकर प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला, मजकूर निवडून नव्या फॉन्टचं नाव दिलं... आणि चौकटीच्या जागी लख्ख षट्कोन उभा राहिला. मामांनी लहान मुलासारखी टाळी वाजवली. "नंदे, आलं की गं!" त्या घरात ती दोघं एकत्र हसलेली मी पाहिली ती तेवढीच.

पुढे कुठल्या अक्षराच्या बटनावर कुठलं चिन्ह बसलंय ते ताईच्या बोटांना पाठ झालं. मामा लाल पेन्सिल घेऊन प्रुफं तपासायचे. एक बाण उलटा पडला की अख्खं पान टरकन फाडायचे. "एक बंध चुकला तर पोरं जन्मभर चुकीचं शिकतील." ते खरंही होतं. पण दुरुस्ती झाली की ते मूळ मजकूरच बदलायचे आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. पाहुण्यांसमोर म्हणायचे, "आमची नंदा बोटांनी हुशार आहे, डोकं मात्र आईवर गेलंय." कारेगावच्या एका शिक्षकाचं स्थळ आलं, मुलगा ताईला आवडलाही होता. मामा म्हणाले, पुस्तक होऊ दे. पुस्तक झालं नाही, आणि नंतर कुणी विचारायलाही आलं नाही.

मग मामांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. तोंडातून फक्त "न्हाई, न्हाई" एवढंच निघायचं. गंमत म्हणजे तो शब्द त्यांच्या आईच्या बोलीतला, एरवी घरात ते तो कुणाला बोलू देत नसत. समज मात्र शाबूत होती. डॉक्टर म्हणाले, त्यांच्या ओळखीचं काहीतरी दाखवत जा. ताई पुस्तकाची पानं मांडीवर ठेवायची आणि ते शांत व्हायचे.

दिवाळीनंतर मी गेले तेव्हा मामा पानावर डावं बोट आपटत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी वाकून पाहिलं. पानभर चौकटी होत्या. एकही कडं नाही, एकही बाण नाही.

"ताई, हे काय गं?"

"फॉन्ट काढून टाकला मी."

"अगं, पण का?"

"तपासू देत की. जन्मभर तेच केलंय." तिनं माझ्यापुढे चहा ठेवला. "रोज नवं पान छापून देते. दुपार जाते त्यांची."

मी पान काढून घ्यायला गेले तर मामांनी ते घट्ट धरलं, माझा हात झटकला. लाल पेन्सिल डाव्या मुठीत धरून ते त्या चौकटींत षट्कोन काढू लागले. रेघा वेड्यावाकड्या, कोन उघडे. ऊन उतरेपर्यंत जेमतेम एक झाला. तो त्यांनी ताईपुढे धरला. शाळेतलं पोर बाईंपुढे पाटी धरतं तसा...

तिनं तो नीट पाहिला. "दुहेरी बंध राहिला, आप्पा," ती म्हणाली आणि पान टरकन फाडलं.

मी तिला खूप बोलले. ती म्हणाली, "तुझी बस चुकेल." थंडी संपायच्या आत मामा गेले.

तेराव्यानंतर त्यांचा एक विद्यार्थी पुस्तक छापायला मागायला आला. ताईनं त्याच्या समोरच सीडी घातली, फॉन्ट पुन्हा बसवला, पहिल्यापासून शेवटपर्यंत पानं उघडून दाखवली. सगळं जागच्या जागी होतं. "मशीनसकट घेऊन जा," ती म्हणाली. तो निघताना मी म्हटलं, आत हिचंही नाव घाला. ताई एकदम ताठ झाली. "माझं नाव नको त्यात. सुटले तेवढं पुरे."

गेल्या रविवारी ती मामांची खोली रंगवून घेत होती, म्हणून मदतीला गेले होते. रंगाऱ्यानं पलंग ओढला आणि थांबला. "ताई, हे बगा कुणी कोरलंय." उशाच्या डाव्या अंगाला, गादीआड झाकल्या जागी, पडल्या पडल्या हात पोचेल एवढ्या उंचीवर, गिलाव्यात नखानं किंवा चमच्याच्या दांड्यानं ओरखडलेले षट्कोन होते. खालचे मोडके. वर जावं तसे सुधारत गेलेले. अगदी वरच्या ओळीत प्रत्येकाच्या आत तीन आखूड रेघा, एकाआड एक बाजूला, जिथे दुहेरी बंध असतात तिथेच.

नंदाताई जमिनीवर बसली. एकेका षट्कोनावरून बोट फिरवत वरपर्यंत गेली. मी वाट पाहत होते, ती रडेल म्हणून.

"बरोबर आहेत," ती म्हणाली.

मग पदर झटकून उठली आणि रंगाऱ्याला म्हणाली, "पुट्टी भर."

"भरतो. पन खोल हायेत, ताई. तिरकं ऊन आलं की दिसतील."

"मग दुसरा हात मार," ती म्हणाली, आणि खिडकी लावून घेतली.