आंगावर दाखवा

"पाणी कुठवर आलतं? आंगावर दाखवा."

पूर येऊन गेलेल्या नाल्याकाठच्या कुठल्याही गावात त्यांचा पहिला प्रश्न हाच. समोरचा गुडघ्याला, कमरेला, छातीला हात लावायचा आणि ते खिशातला टेप काढून जमिनीपासून त्या हातापर्यंत मोजायचे. एकदा एका म्हातारीने गळ्याला हात लावला.

"एवढ्या पाण्यात उभी होती का माय तू?"

"उभी कायले राहू बाप्पा? पळाली नं मी!"

ते इतके हसले की टेप हातातून सुटला. मग तिच्या भिंतीवरचा गाळाचा डाग मोजला.

अकोल्याच्या आमच्या ऑफिसात ते शाखा अभियंता होते, डिप्लोमावाले. मी पुलांची डिझाइनं तपासणारा, डिग्रीवाला, वयाने लहान आणि हुद्द्याने वर. तरी जीप थांबली की लोक त्यांच्याभोवती. अकोटकडे कुणी संत्र्यांची पिशवी आणली तर ती त्यांच्या हातात, आणि माझ्याकडे बोट दाखवून विचारणार, "हे कोन होत?" तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल, ज्याचं कौतुक ऐकताना आपण मान डोलावतो आणि त्या रात्री जेवण गोड लागत नाही.

अकोट रस्त्यावर एक जुना काँक्रीटचा पूल आहे, पाणी जायला खांबांमध्ये तीन गाळे असलेला. पूर्वी चार दिवसांत पडणारा पाऊस आता एका दुपारीच कोसळतो. तेवढं पाणी तीन गाळ्यांत मावणार नाही, म्हणून त्यांनी टिपणी लिहिली: आणखी दोन गाळे जोडा, दोन्हीकडच्या मातीच्या भरावाला काँक्रीटचं अस्तर द्या. सोबत गावकऱ्यांनी अंगावर दाखवलेल्या उंच्यांची यादी.

टिपणी बरोबर होती. एका वाचनात कळलं. पावसाच्या जुन्या तक्त्यांवरून तीन गाळे पुरतील असं मी केलेलं गणित चुकलं होतं, हेही कळलं. मी ती ड्रॉवरमध्ये टाकली.

"साहेब, पायली का?" ते दर आठवड्याला विचारत.

"पाहून राहिलो." त्यांना उत्तर देताना मीही वऱ्हाडी व्हायचो.

जुलैतल्या एका दुपारी दोन्हीकडचा भराव वाहून गेला. पूल मधे एकटाच उभा, जायला रस्ता नाही. अकोटची एसटी पाचच मिनिटं आधी पार झाली होती. मी त्याच संध्याकाळी टिपणी वर पाठवली.

काम तातडीने मंजूर झालं. उन्हाळ्यात त्यांनी पहाटे काँक्रीट ओतून घेतलं आणि ते तडकू नये म्हणून दिवसभर त्यावर ओली पोती टाकत उन्हात उभे राहिले. पुढच्या पावसाळ्यात तसाच पूर आला आणि पाचही गाळ्यांतून निघून गेला. बैठकीत मोठ्या साहेबांनी टिपणी तत्परतेने पाठवल्याबद्दल माझं अभिनंदन केलं. मी उठून आभार मानले. टाळ्या वाजवणाऱ्यांत तेही होते.

ते निवृत्त झाले त्या दिवशी मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. राहवलं नाही.

"तुमची टिपणी मी तीन महिने दाबून ठेवली होती."

"मले मालूम होतं, साहेब. ड्रॉवरातून तिचा कोपरा बाहीर दिसे."

"मग बोलला का नाहीत?"

"पयले लय राग आला. मंग वाटलं, ह्या मानसाले ती फाडून बी टाकता आली असती. नाई फाडली."

तेवढ्यात अकोटची गाडी लागली. त्यांना खिडकीशी जागा मिळाली. गाडी निघाली तेव्हा ते शेजारच्या माणसाशी बोलण्यात रंगले होते, दोघं हसत होते. त्या अनोळखी माणसाचाही मला हेवा वाटला.