अप्पांनी उघडून दाखवलेली टाकी

नांदेडहून अप्पांच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी नुकतीच पंपावर येऊन बसले होते. "काकू, अप्पा गेले… पहाटेच. झोपेतच." पुढं तो काय बोलला ते नीट ऐकूच आलं नाही. समोर ट्रॅक्टरवाला डिझेलसाठी हॉर्न वाजवत होता आणि मी रिसीव्हर हातात धरून तशीच उभी राहिले. त्याला आता महिना होऊन गेला.

गुरुनाथअप्पा काही आमच्या नात्यातले नव्हते. पेट्रोल पंपाच्या जमिनीखालच्या टाक्या तपासायच्या, साफ करायच्या, दुरुस्त करायच्या, हे त्यांचं काम. नांदेडहून अहमदपूरमार्गे एसटीनं यायचे. खांद्याला कॅनव्हासची पिशवी, कपाळाला भस्म, आणि बोलणं अगदी मोजकं. माझे यजमान गेल्यावर औसा रोडवरचा आमचा पंप मी चालवू लागले, तेव्हा "बाईमाणसाचं काम न्हाई हे" असं न म्हणणाऱ्या दोनतीन माणसांत अप्पा होते.

लातूर जिल्हा तेव्हा नवा नवा होता. कचेऱ्या भाड्याच्या घरांत होत्या आणि साहेबलोकांच्या जीपा दिवसभर धुरळा उडवत फिरायच्या. त्यातच पावसानं दगा दिला. गावोगाव पाण्याचे टँकर सुरू झाले आणि ते डिझेलसाठी आमच्याकडे रांग लावू लागले. नेमकं त्याच वेळी डिझेल कमी पडायला लागलं. टाकीत जेवढं उतरवलं आणि जेवढं विकलं, त्याचा मेळ रोज चुकायचा. माझे दीर म्हणाले, "दत्तूशिवाय दुसरं कोण असणार?" दत्तू आमच्याकडे यजमानांच्या वेळेपासूनचा, बायकापोरांचा माणूस. मला पटत नव्हतं, पण मी घाबरलेली होते. सगळ्यांदेखत त्याला म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस." त्यानं टोपी काढली, खिळ्याला अडकवली आणि गेला.

दोन दिवसांनी अप्पा वर्षाच्या तपासणीला आले. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "आज दिवस मावळायला विक्री बंद करा, वैनी. किल्ल्या तुमच्याजवळ ठेवा." मग टाकीच्या तोंडातून खुणा केलेला लांब पितळी गज खाली सोडून डिझेलची पातळी पाहिली, झाकणाला कुलूप घातलं आणि शेजारीच बाज टाकून झोपले. उजाडताना मला बोलावून पुन्हा गज सोडला. ओली खूण दोन बोटं खाली गेली होती. मी म्हणाले, "थंडीनं आकसलं असेल."

"आकसतं, पण येवढं न्हाई. टाकी गळून राहिली, वैनी."

 टाकी रिकामी करायची, जमीन खोदायची म्हणजे टँकरच्या ऐन धावपळीत डिझेल बंद. मी म्हणाले, "पाऊस पडेपर्यंत थांबता येणार नाही का?" अप्पा मला रस्त्यापलीकडं घेऊन गेले. तिथं वस्तीचा हातपंप होता. पंधरा-वीस बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. अप्पांनी ओंजळीत पाणी घेतलं, हुंगलं, मग प्यायले. "आज चांगलं हाय. पण डिझेल जिमिनीत उतरून राहिलंय. ह्या पाण्याला वास लागला तर ह्या बायांनी कुठं जायचं?"

मी त्याच सकाळी डिझेल बंद केलं. नव्या कचेरीतले एक साहेब येऊन चिडले, टँकर दुसऱ्या पंपाकडं वळले, दीर तर बोलायचेच बंद झाले. अप्पांनी टाकी उपसली आणि आतला वायू पूर्ण निघेपर्यंत कुणाला तिच्या तोंडाशी फिरकू दिलं नाही. टाकी वर काढल्यावर मला जवळ बोलावलं. तळाला, बरोबर तोंडाच्या खाली, तुरीच्या डाळीएवढं भोक. वर्षानुवर्षं आम्ही रोज गज धाडदिशी सोडायचो. एकाच जागी आपटून पत्रा झिजला होता आणि गंजानं उरलेलं काम केलं होतं. भोक आम्हीच पाडलं होतं आणि चोर ठरवला होता दत्तूला.

"टाकीचं मी बघतो," अप्पा म्हणाले, "पण दत्तूकडं तुमालाच जावं लागंल. मी येतो संगं."

दत्तूच्या दारात शेजारीपाजारी जमले. मी म्हणाले, "दत्तू, चूक माझी झाली. चारचौघांत बोलले, चारचौघांतच सांगते… पंपावर चल." त्याची बायको रडायला लागली. दत्तू अप्पांकडं बघत राहिला. अठरा दिवसांनी नवी टाकी बसली, तळाला गजाच्या जागी जाड पत्रा घालून. आणि पहिला टँकर दत्तूनं भरला. वस्तीच्या पाण्याला वास लागला नाही, त्या उन्हाळ्यातही नाही, नंतरही नाही.

अप्पांच्या तेराव्याला नांदेडला गेलो ते मी आणि दत्तू. तोही आता थकलाय. अप्पांच्या खोलीत दाराशी त्यांचे कामाचे बूट तसेच ठेवले होते. तळाला एकही खिळा नाही, नुसते दोऱ्यानं शिवलेले. टाकीत उतरताना ठिणगी पडू नये म्हणून मोच्याकडून ते मुद्दाम तसे करून घेत. दत्तू त्या बुटांजवळ खाली बसला. उपरण्यानं त्यांच्यावरची धूळ पुसत राहिला. मग म्हणाला, "वैनी, तवा समद्यांनी मला इचारलं, तू चोरलंस का. घरच्यांनी बी इचारलं."

मी दुसरा बूट त्याच्याकडं सरकवला.

"अप्पांनी एकदा बी इचारलं न्हाई."