आठ अंशांची हद्द

धरमपेठेतल्या माझ्या औषधाच्या दुकानात लसींचा फ्रिज आहे. आठ अंशांपुढे लस बिघडते, म्हणून फ्रिज त्याहून तापला की भोंगा वाजतो आणि माझ्या मोबाइलवर निरोप येतो. तापमानावर लक्ष ठेवणारं हे यंत्र ज्यांनी बसवलं, ते कारागीरच दर दोन महिन्यांनी तपासायला येतात. यंत्राकडे बघण्याआधी ते फ्रिजला उलटा हात लावतात, तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावावा तसा.

मे महिन्यात भोंगा रोज दुपारी वाजायला लागला. मी वैतागून त्यांना बोलावलं. म्हणालो, "आठाची हद्द बारा करून द्या. गिऱ्हाइकांसमोर कटकट होते."

त्यांनी आठवड्याच्या नोंदी शांतपणे पाहिल्या.

"पाहा साहेब, यंत्र बरोबर सांगून राहिलं. फ्रिजच गरम होऊन राहिला."

"तुम्ही फक्त हद्द वाढवा."

"ते मले नाही जमणार." आवाज जराही चढला नाही. "ज्या लेकराले सुई टोचतेत, त्याच्या मायले हे कसं समजन?"

मग त्यांनी हळूच विचारलं, "या हप्त्यात लसी कोणाकोणाले देल्या?"

मी रजिस्टर उघडलं. पाच नावं निघाली. मी मोबाइल उचलला. पहिल्या लेकराच्या घरी फोन लागून मी लसीचं खरं सांगायला लागेपर्यंत ते जागचे हलले नाहीत.