पाचवी रायफल

प्रिय ओवी आणि नील,

मागच्या आठवड्यात आमच्या शेजारच्या घरात नवं कुटुंब राहायला आलं. गोड माणसं आहेत. पहिल्याच दिवशी त्यांनी गॅरेज पांढरं रंगवून काढलं. त्या गॅरेजमध्ये काय होतं हे आता मलाच ठाऊक, म्हणून मी विसरण्याआधी लिहिते आहे. सिडनीहून व्हिडिओ कॉल केलात की कुंपणाच्या भिंतीवरून एक चौकड्यांची टोपी पुढे जाताना दिसायची, आठवतं? त्या टोपीखालच्या आजोबांची ही हकिकत.

"आता येत नाहीत हो, मिसेस. संपत आल्या." असं म्हणून ते टोपी मागे सारत आणि कपाळ खाजवत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, कोंबड्यांबद्दल बोलताहेत. ते बोलत होते जुन्या लष्करी रायफलींबद्दल.

तुमच्या मेघाआत्याकडे आयर्लंडमधल्या या कासलबार गावात मी २०२० साली तीन महिन्यांसाठी आले आणि विमानंच बंद झाली. आत्या दिवसभर इस्पितळात. मग भिंतीच्या अलीकडे माझी खुर्ची, पलीकडे त्यांची, आणि मधे दोघांचे चहाचे कप, असं आमचं सुरू झालं.

ते शाळेच्या बसचे निवृत्त ड्रायव्हर होते. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी गॉलवेला. त्यांच्याकडे चार रायफली होत्या, सगळ्या कुठल्या ना कुठल्या सैन्याने मोडीत काढलेल्या. इथे प्रत्येक रायफलीला गार्डांचा, म्हणजे पोलिसांचा, वेगळा परवाना लागतो आणि भिंतीला बोल्टने आवळलेलं लोखंडी कपाट. ते सगळं त्यांनी गॅरेजमध्ये चोख ठेवलं होतं, त्यामुळे मला त्यांच्याबद्दल लगेच आदर वाटला.

"पूर्वी दुकानात लाकडी खोक्यांत भरून यायच्या," ते सांगत. "बस ड्रायव्हरलाही परवडायच्या. आता उरल्यासुरल्या आल्या की श्रीमंत लोक उचलतात."

"मग नवी घ्या."

"नवी सुंदर असते, मिसेस. पण ती कुठे जाऊन आलेली नसते."

त्यांना एकच हवी होती, पाचवी: हिंदुस्थानातल्या कारखान्यात बनलेली. त्यांचे वडील इंग्रजांच्या सैन्यात हिंदुस्थानात होते. मेयोला, म्हणजे आमच्या या परगण्यात, परतल्यावर इंग्रजांशी लढून स्वतंत्र झालेल्या लोकांत त्या गणवेशाबद्दल बोलायची सोय नव्हती, म्हणून ते कधी बोललेच नाहीत. मुलाच्या वाट्याला वडिलांचं एकच वाक्य आलं होतं: तिथली रायफल जड होती, पण दगा देणारी नव्हती. "मला ते वजन हातात घेऊन बघायचंय," ते म्हणाले. "बाकी काही नाही."

मी खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये वाढले, हे मी तेव्हा सांगितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "आणि हे तुम्ही आत्ता सांगताय?"

त्या हिवाळ्यात दुसऱ्या परगण्यातल्या एका दुकानदाराकडे तशी रायफल निघाली. त्याच्याकडची ती शेवटची, पुढे माल येणार नव्हता. पुढे परवानाही हातात आला, पण घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायची बंदी आणि दुकान बंद. त्यातच कॉर्क शहरातलं एक गिऱ्हाईक जास्त किंमत द्यायला तयार झालं. आजोबा भिंतीशी यायचेच बंद झाले. आत्या म्हणाली, "आई, ते जेवत नाहीयेत नीट. बघ ना जरा."

मी त्यांच्याकडून नंबर घेतला आणि दुकानदाराला स्वतः फोन केला. माझं नाव, गाव, वडिलांची नोकरी सगळं क्रमाने सांगितलं. म्हटलं, "ती रायफल माझ्या देशातली आहे. ती कोणाकडे जावी याबद्दल मलाही मत आहे."

पलीकडे तो हसायलाच लागला. "माझ्याकडे खूप प्रकारची माणसं भाव करतात, बाई. भारतातली आजी पहिल्यांदाच. ठेवतो. रस्ते उघडेपर्यंत ठेवतो."

हे सांगितलं तेव्हा आजोबा एवढंच म्हणाले, "ग्रँड." इथे हवा बरी असली तरी ग्रँड आणि जीव वाचला तरी ग्रँड.

मे महिन्यात रस्ते उघडले. रायफल घोंगडीत गुंडाळून आली, घट्ट काळ्या ग्रीसमध्ये माखलेली. उन्हाळाभर ते ग्रीस काढत होते. लाकूड उघडं पडलं तेव्हा त्यांनी ती दोन्ही हातांत तोलली आणि माझ्या हातात दिली. खरंच जड होती.

ऑक्टोबरात खंडेनवमी आली. कारखान्यात त्या दिवशी यंत्रांना हळदकुंकू लावून झेंडू वाहत, असं मी सांगितलं. "यंत्रांना फुलं?" "आणि आम्हाला पेढे." त्यांनी हट्टच धरला, हिचीही पूजा करायची, आणि नीट करायची. मी हळद पाण्यात कालवली आणि रायफलीच्या लाकडी दस्त्याला ठसठशीत बोट लावलं. माझे वडील लोखंडाच्या लेथला लावत, ती पुसली की निघे. हे तर तेल न पाजलेलं कोरडं लाकूड. हळद आत मुरली. मी व्हिनेगर आणलं, लिंबू आणलं, साबण आणला.

"राहू द्या हो," ते म्हणाले.

"तुमच्या छंदात असा डाग चालत नाही. किंमत पडते."

"ती विकायचीय कोणाला? हिच्या अंगावर कारखान्याचे, सैन्याचे ठसे ज्यांनी ज्यांनी मारले, ते सगळे निघून गेले. तुम्ही मात्र भिंतीपलीकडेच आहात." मग जवसाचं तेल घेऊन त्यांनी डागावरूनच हात फिरवला, हळूहळू, गुणगुणत.

नाताळाच्या आधी ते झोपेतच गेले. त्यांच्या मुलीला बंदुकांचं कधीच प्रेम नव्हतं. चार रायफली तिने त्याच दुकानदाराकरवी जाणकारांना दिल्या. पाचवीसाठी मात्र स्वतःच्या नावाने परवान्याचा अर्ज केला. "हिच्याबद्दल ते फोनवर तासन्‌तास बोलायचे," ती मला म्हणाली. "एरवी आम्ही हवापाण्यावरच बोलायचो."

परवाना मिळाला. रायफल गॉलवेला तिच्या घरी, लोखंडी कपाटात आहे. हळदीचा डाग थोडा फिका झालाय, पण आहे.

तुमची,
आजी