चौथ्या जातीचं पान

वरळीच्या बीडीडी चाळीत कांता तांबेला सगळे ‘पानवाली’ म्हणायचे. पानविडीशी तिचा काही संबंध नव्हता. ती एम.एस्सी.साठी नासपतीच्या पानांचा अभ्यास करत होती. मुंबईत नासपतीचं झाड कुठून असणार? दक्षिणेकडच्या डोंगरातल्या एका बागेतून पानं ओल्या शेवाळात गुंडाळून रेल्वेने यायची. त्यांचे कागदाहून पातळ छेद काचपट्टीवर ठेवून ती सूक्ष्मदर्शकाखाली बघायची.

चार जाती होत्या. तिघींची पानं मोठी, गुळगुळीत. आतही वरच्या कातडीखाली उभ्या पेशींचे दोन थर. चौथी मात्र निराळीच. पान लहान, कडा करवतीसारखी, खालून लव आणि उभ्या पेशींचा थर एकच. कांताचा सगळा प्रबंध या चौथ्या पानावर उभा होता. तो मंजूर झाला की कॉलेजातच शिकवायची जागा मिळणार होती. वडील रामजी गिरणीतला कापूस छातीत घेऊन घरी बसले होते, आई कौसल्या दादरला भाजी विकायची. घरातले सगळे त्या जागेकडे डोळे लावून होते.

पंचावन्नच्या नोव्हेंबरात, पानगळीच्या तोंडावर, बागेतून शेवटचं पार्सल निघालं. तेवढ्यात संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ झाला, फाउंटनला गोळीबार झाला आणि पार्सल बोरीबंदरला अडकून पडलं. कांता ते आणायला वरळीहून चालत गेली. कॉलेजात नेऊन खोका उघडला, तर कुजका वास आला.

तिने चौथ्या जातीची जुडी सोडली. आजवर नुसती खुडलेली पानं यायची. या खेपेला माळ्याने अख्खं रोपच कापून पाठवलं होतं. खोडाला कलमाची गाठ. गाठीच्या वर मोठी, गुळगुळीत पानं. गाठीच्या खालून एक काटेरी फुटवा, आणि लहान, लवदार पानं होती ती त्या फुटव्याला.

कांताने गाठीवरून बोट फिरवलं. तिचं आजोळ रत्नागिरीकडचं. हापूसच्या कलमाखालून रायवळ फुटतो, हे तिने लहानपणापासून पाहिलेलं. चौथी जात म्हणून ती इतके दिवस कलमाखालच्या रानटी झाडाची पानं कापत होती!

वरची त्यातल्या त्यात हिरवी पानं तिने टिकवायच्या औषधाच्या बाटलीत घालून ठेवली. पण छेद घ्यायच्या वेळेला, जानेवारीत, संचारबंदी लागली. कॉलेज बंद. चाळीत अश्रुधूर शिरला. खिडकीला ओली फडकी लावून सगळे बसले, तरी कांताच्या डोळ्यांपुढे तीच बाटली.

“कांते, दोन घास तरी खा,” कौसल्या म्हणाली.

“आये, कॉलेज कधी उघडणार गं?”

कॉलेज उघडलं आणि छेद झाले. पेशी कुजून एकमेकींत मिसळल्या होत्या. जिथे काही दिसत होतं तिथे दोनच थर, बाकीच्यांसारखेच. मांडायला फरकच उरला नाही.

तिचे प्राध्यापक वैद्य सर सूक्ष्मदर्शकातून बघून मागे सरले. मग म्हणाले, “मिस तांबे, परीक्षक काही बागेत जाऊन बघत नाहीत. जुन्या काचपट्ट्या बरोबरच आहेत.”

“काचपट्ट्या बरोबर आहेत, सर. नाव खोटं आहे. वसंतात नवी पानं येतील.”

“तोवर जागा दुसऱ्याला जाईल.”

घरी वडिलांचा खोकला ऐकून तिने मन घट्ट केलं आणि जुन्या काचपट्ट्यांवरचाच प्रबंध घेऊन ती ठाकूरद्वारच्या टायपिस्टाकडे गेली. तो एकेक शब्द विचारून टाइप करत होता.

“चौथ्या जातीचं नाव सांगा, बाई.”

“राहू द्या,” कांता म्हणाली. तिने यंत्रातला कागद ओढला, बाकीचे गोळा केले आणि जिना उतरून आली. रस्त्यावर तिला रडू फुटलं.

जागा गेली. वसंतात पानं मागवायची, तर रामजी अंथरुणाला खिळले आणि पावसाळ्यात वारले. कांताने प्रभादेवीच्या एका शाळेत नोकरी धरली.

साठ साली राज्य झालं. चाळीत गुलाल उडत होता. कौसल्याने लेकीला गॅलरीत बोलावलं आणि हळूच विचारलं, “आता पुन्हा धरशील का गं ते पानांचं काम?”

“वैद्य सर कधीच निवृत्त झाले, आये. आता मला कोण घेणार?”

खाली पोरं नाचत होती. कांता वह्या तपासायला आत गेली.