कोंडवाड्याच्या रजिस्टरातली माझी नोंद

नवे सरकार तीन पक्षांचे आले आणि त्याने जाहीर केले की निरुपयोगी झालेले जुने कायदे मोडीत काढणार. आमच्या गावात याची चर्चा हॉटेलच्या बाकड्यांवर झाली. कुणीतरी मोबाइलवर वाचून दाखवले की पतंग उडवायलासुद्धा परवाना लागतो, असा एक कायदा अजून आहे.

"मंग ह्या हॉटेलवाल्याच्या पोराला आधी आत टाका बे," रिक्षावाला म्हणाला. "माझ्या टपावर पतंग आडकवून गेलंय."

"तीन पक्षांचं सरकार हाय," हॉटेलवाला म्हणाला. "एक पक्ष कायदा काढणार, दुसरा धरून ठेवणार आन् तिसरा फोटो काढून घेणार."

सगळे हसले. मीही हसलो. मग त्याच मोबाइलवरून पुढचे नाव वाचले गेले, कोंडवाड्याचा कायदा, आणि माझ्या हातातला कप मी खाली ठेवला.

कोंडवाडा म्हणजे मोकाट किंवा दुसऱ्याच्या पिकात शिरलेली जनावरे कोंडून ठेवायची सरकारी जागा. आमच्याकडे तो ग्रामपंचायतीच्या भिंतीला लागूनच होता. धारूरच्या डोंगराखालच्या या गावात मी पंचायतीचा लिपिक म्हणून सगळी नोकरी काढली. कोंडवाड्याचे रजिस्टर मी लिहायचो आणि कुलपाची किल्ली माझ्या खिशात असायची.

काही दिवसांनी आमच्या गावच्या मोठ्या जमीनदाराचा मुलगा घरी आला. वडील वारले, आता तोच पुढारी आहे, सरकारातल्याच एका पक्षाचा. सिरसाळ्याला लोकांची मते ऐकायला बैठक ठेवली होती. कोंडवाड्याचा कायदा राहावा, असे बागायतदारांच्या वतीने तो मांडणार होता. त्याने पंचायतीतून जुने रजिस्टर काढून आणले होते.

"काका, ही बघा नोंद. धनगराच्या मेंढ्या उभ्या पिकात सापडल्या. आमच्याच रानात. असा पुरावा कुणाकडं असतो? तुमी फक्त उठून सांगायचं, नोंद खरी हाय म्हणून."

मी अक्षर पाहिले. माझेच होते, त्या काळातले, वळणदार. मी त्याला येतो म्हणालो.

त्या नोंदीची हकीकत अशी आहे. तो धनगर आमच्याच गावचा. वर्षातले काही महिने कळप घेऊन फिरायचा आणि ज्वारी निघाली की गावाकडे यायचा. आमच्याकडे रीत आहे की मोकळ्या रानात शेतकरी धनगराला बोलावून मेंढ्या बसवतो. लेंडीने रान सुधारते, मेंढ्यांना धसकटे मिळतात. हे बोलणे तोंडीच होते. त्या वर्षी हे बोलणे पंचायतीच्या ओट्यावर झाले. मालक, म्हणजे या पुढाऱ्याचे वडील, म्हणाले, "उद्यापासून माझ्या खालच्या पट्टीत बसव." धनगर "व्हय मालक" म्हणाला. मी त्या दोघांच्या मध्ये उभा होतो.

दोन-तीन दिवसांत मालकांना कळले की या धनगराने पंचायतीच्या निवडणुकीत त्यांच्या भावाविरुद्ध अर्ज भरला आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या गड्यांनी खालच्या पट्टीतल्या सगळ्या मेंढ्या हाकून कोंडवाड्यात आणल्या. मालक माझ्या टेबलाशी आले. "लिहा, उभ्या पिकात सापडल्या." त्या पट्टीत पीक नव्हते, नुसती धसकटे होती. मी लिहिले. मालक म्हणाले, मी बीडहून परत येईपर्यंत सोडायच्या नाहीत. आणि ते निघून गेले.

कोकरांचा विचार कुणाच्या डोक्यात आला नाही. मेंढ्या चरायला गेल्या की धनगर लहान कोकरे दोरीच्या जाळीत मागे ठेवतात, आणि आया परतल्या की ती पितात. गड्यांनी फक्त मोठी जनावरे हाकली. कोकरे रानात जाळीतच राहिली.

धनगर धावत आला. "भाऊसाहेब, मालकानं तुमच्यासमोरच बोलावलं न्हवं का मला?"

"मला काही आठवत नाही," मी म्हणालो.

"बरं, दंड काय आसंल त्यो भरतो. आयांना सोडा. कोकरं उपाशी हाईत."

"मालक आल्याशिवाय नाही."

संध्याकाळी त्याची बायको पाटीत कोकरे घेऊन कोंडवाड्याच्या दारापाशी आली. आतल्या मेंढ्यांना वास लागला असावा, त्या दाराला येऊन धडकू लागल्या. ती म्हणाली, उघडू नका, फळी वर करा, पिल्ले खालून आत सरकवते. मी म्हणालो की आत घेतली तर त्यांचीही नोंद करावी लागेल. असा कुठलाही नियम मला माहीत नव्हता. मालकांचा एक गडी पलीकडे बसून माझ्याकडे बघत होता, एवढेच.

मग तिने मला विचारले, "खरं सांगा भाऊसाहेब. आमचे हे म्हणत्यात मालकानं बोलावलं व्हतं. बोलावलं व्हतं का?"

मी म्हणालो, "नाही."

तिने नवऱ्याकडे जसे पाहिले ते मला अजून दिसते.

ती गावात दारोदार शेळीचे दूध मागत फिरली. काही घरांनी दिले, पण ते पुरणार नव्हते. तिसऱ्या दिवशी धनगराने अर्ज मागे घेतला आणि त्याच संध्याकाळी मेंढ्या सुटल्या. त्यांच्या कासा दगडासारख्या झाल्या होत्या. तोवर निम्मी कोकरे मेली होती. उरली त्यांतली काही पुढे मेली. ते कुटुंब गाव सोडून गेले. मी माझ्या मनाशी म्हणत राहिलो की कायदाच तसा होता.

सिरसाळ्याच्या बैठकीला मंगल कार्यालय भरले होते. एक पन्नाशीचा धनगर उठला आणि म्हणाला, "कोंडवाडा बंद करा. आमी वाटंनं चाललो तरी धरून नेत्यात." मागून कुणीतरी ओरडले, "आन् आमची तूर काय तुझ्या मेंढ्यांनी रांगोळी म्हणून खाल्ली काय?" हशा झाला. मग आमच्या पुढाऱ्याने रजिस्टर उघडून नोंद मोठ्याने वाचली, नावासकट.

तो धनगर परत उभा राहिला. "त्यो माझा बाप हाय," तो म्हणाला. "बापाला चोर म्हणू नगा."

"मी कुठं म्हणतो? कागद म्हणतोय. लिहिणारे काका समोर बसलेत, त्यांनाच विचारा."

माइक माझ्या हातात आला. मी म्हणालो, "अक्षर माझं आहे." टाळ्या पडल्या. घरी आल्यावर बायकोला मी सांगितले की मला पुढे बोलायचे होते, पण माइक काढून घेतला. तेही खोटे. माइक मी स्वतःच परत दिला.

चार दिवस जेवण गेले नाही. पाचव्या दिवशी चौकशी करत मी धारूरच्या घाटाकडे गेलो. त्या धनगराच्या घरच्यांचा कळप माळावर होता. बैठकीत बोललेला त्याचा मुलगा मला पाहून उठला नाही. त्याची आई चुलीपुढे भाकरी करत होती. मी तिला ओळखले, तिने मला आवाजावरून ओळखले. मी जे वर लिहिले आहे ते सगळे उभ्यानेच सांगितले.

तिने तव्यावरची भाकरी उलटली नाही. ती करपली.

"म्हंजे ते खरं बोलत व्हते."

"हो."

"मरूस्तोवर म्या त्यांना टोचलं," ती म्हणाली. "न बोलावता रानात घुसलात, कोकरं मारलीत, आन् वर खोटं बोलता. शेवटच्या दुखण्यात बी म्हणलं. त्यांनी बोलणंच सोडलं व्हतं." मग तिने माझ्याकडे पाहिले. "आता मला कावून सांगता हे? तिथं बैठकीत सांगायचं व्हतं, माणसं व्हती तिथं."

मुलगा म्हणाला, "जावा तुमी आता." मी खाली उतरलो.

बैठक होऊन गेली. तो कायदा राहील की जाईल, मला माहीत नाही, आणि तो गेला म्हणून माझे लिहिलेले जाणार नाही. पंचायतीत मी साध्या कागदावर जबाब लिहून नेला. ग्रामसेवकाने वाचला, म्हणाला, काका, जुन्या रजिस्टरात आता काही घालता येत नाही, कशाला उकरता? कागद त्याने परत दिला.

म्हणून इथे लिहितो आहे, माणसे वाचतील अशा ठिकाणी. तो माणूस न बोलावता कुणाच्या रानात शिरला नव्हता. मालकाने त्याला बोलावले होते. मी तिथे उभा होतो आणि मी ऐकले होते.