कंडक्टर काकाजींचे पाय

"बसला तो फसला!" असं म्हणत कंडक्टर काकाजी माझ्या रिसोडच्या मेडिकलमध्ये शिरायचे आणि मी पुढे केलेलं स्टूल पायानेच बाजूला सारायचे. जन्मभर एस.टी.त उभ्याने तिकिटं फाडली, निवृत्तीनंतर तरी माणसाने बूड टेकावं! पण नाही. गिऱ्हाइकांच्या मधून त्यांच्या येरझारा सुरू, आणि बघून बघून माझाच जीव कावायचा.

असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. दुसऱ्याच्या ताटात आणि पिशवीत डोकावल्याशिवाय त्याला राहवत नाही. काउंटरवरची गोळ्यांची पाकिटं उचलून काकाजी गिऱ्हाइकालाच विचारायचे, "हे काहून नेता? घरी ज्वारी नाई का?" पित्ताची गोळी घ्यायला आलेला माणूस ओशाळून परत जायचा.

"काकाजी, माझं दुकान बंद पाडता का?"

"बंद पडलं तं रिसोडची तब्येत सुधरली समज," हे उत्तर ठरलेलं.

राग यायचा, पण माणूस खोटं बोलत नव्हता. निवृत्त झाल्यावर त्यांना साखर निघाली. त्यांनी भात सोडला, गोड चहा सोडला, लग्नाच्या पंगतीत बुंदी वाढणाऱ्याचा हात धरला. पहाटे वाशीम रोडने लांबवर चालणं, आल्यावर ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी. माझ्या बायकोची गुडघेदुखी मी विकतो त्या मलमांनी कधी थांबली नव्हती, ती त्यांच्या मागे चालून थांबली. त्यांची साखरही उतरली. डॉक्टरांनी गोळी अर्धी केली. उरलेली अर्धी काकाजींनी स्वतःच्या अधिकारात बंद केली आणि त्या आनंदात गल्लीत फुटाणे वाटले. पेढे कसे वाटणार!

"डॉक्टरनं कमी केली काकाजी, बंद नाई केली," मी म्हटलं.

"पोटात काय टाकाव ते मले समजते. तू दुकान पाह्य."

नवरात्रात आमच्याकडे पुष्कळ लोक पायात चप्पल घालत नाहीत. त्या वर्षी काकाजींनीही अनवाणी राहायचं ठरवलं. देवीसाठी थोडं, तब्येतीसाठी जास्त. आश्विनातलं ऊन, डांबर तापलेलं. बायका सावली धरून पळत होत्या आणि हे भर दुपारी रस्त्याच्या मधोमध उभे. "पाहा, चटकाच नाई लागून राह्यला! पाय लोखंडाचे झाले." लोक कौतुकाने हसले. पण साखरेच्या माणसाला चटका न लागणं ही काही चांगल्या तब्येतीची खूण नव्हे, पाय बधिर होत चालल्याची असते. डॉक्टरांना पाय दाखवा, असं मी दुकानातून ओरडलो, तोवर ते चौक ओलांडून गेलेही होते.

अष्टमीच्या सकाळी काकाजींच्या घरी काकू फरशी पुसायला वाकल्या, तर दारापासून देवघरापर्यंत लाल पावलं. घटाकडे जाणारी लाल पावलं! त्यांनी फडकं टाकलं आणि हात जोडले. देवीच घरात आली, असं त्यांना वाटलं. शेजारणींना हाका मारल्या. माझी बायकोही धावली. सगळ्या नमस्कार करून उठल्यावर काकूंनी पुन्हा नीट पाहिलं. सगळी पावलं उजवी होती.

काकाजी देवाला फुलं वाहून परसात फेऱ्या मारत होते. उजव्या तळव्यात बाटलीची काच रुतलेली आणि त्यांना पत्ता नाही.

जखम चिघळत गेली. आधी हळद, मग कडुनिंबाचा पाला, मग वाशीम आणि शेवटी अकोला. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. या माणसाला आडवं पडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि आता मला तिथे उभं राहवेना.

"डॉक्टरले सांग ना बाबू. मूठ मूठ गोळ्या खातो मी. पण पाय राहू द्या म्हणा."

पाय राहिला नाही. गुडघ्याखालून काढावा लागला.

गल्लीला चघळायला विषय मिळाला. कुणी म्हणे, चालण्यानेच घात केला; कुणी म्हणे, भाकरीने कुठे साखर जाते का! मला दोघांचाही संताप येई. भाकर खरी होती, चालणं खरं होतं, ती बंद केलेली अर्धी गोळीही तेवढीच खरी होती. पण हे ऐकायला कुणाला सवड होती? आणि ज्याने ऐकायला हवं होतं तो माणूस आता घराबाहेर पडत नव्हता.

दिवाळीनंतर इन्सुलिन पोचवायला मी त्यांच्या घरी गेलो. काकाजी ओसरीवर खुर्चीत होते, हातात खराट्याची काडी.

"चप्पल काढ. पाय इकडं आण."

वडीलधाऱ्या माणसाने माझ्या पायाला हात लावावा! मला कसंसंच झालं. "काकाजी, असं नका करू."

"चूप राह्य. लागते का?" त्यांनी काडी टोचली.

"लागते."

"अन् इथं?"

"लागते ना, काकाजी."

त्यांचा चेहरा खुलला. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाचे तळवे ते असेच तपासतात, काकू म्हणाल्या. मग त्यांच्या हातातली काडी घेऊन त्या खाली बसल्या आणि उरलेला पाय त्यांनी मांडीवर घेतला. काकाजींनी मान वळवली आणि ते छपराकडे पाहू लागले.

"लागते," ते म्हणाले. "लागते, लागते."

काकूंनी काडी अजून टेकवलीच नव्हती.